१९व्या शतकात इंग्लंडच्या वाढत्या शहरांत बांधलेली इतकी चर्च एकसारखी का दिसतात?

पैसा कमी आणि माणसं जास्त, म्हणून. १८१८च्या चर्च बांधणी कायद्याने संसदेने १० लाख पौंड दिले, १८२४मध्ये आणखी ५ लाख. त्यातून १८५६पर्यंत सुमारे ६०० चर्च उभी राहिली. दुसऱ्या रकमेतून बहुधा खर्चाचा काही भागच मिळे, उरलेला स्थानिकांनी उभा करायचा. मग ठरीव साचा आला: लांबट आयताकृती सभागृह, तीन बाजूंना गॅलरी, वेदीसाठी जेमतेम खोली, उंच अरुंद खिडक्या. ग्रीक धर्तीच्या दर्शनी भागाला दगडी खांब लागत. साधं गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींची मध्ययुगीन शैली, विटांतही भागायचं, म्हणून तेच जास्त. गॅलऱ्या पेलायला अनेकदा बिडाचे सडसडीत खांब असत, त्यामुळे मागच्यांना व्यासपीठ दिसे. काही बाकं गरिबांसाठी मोफत, बाकीच्यांच्या भाड्यावर पाद्रींचा पगार. खरी अडचण मात्र जुनी पॅरिश (एका चर्चच्या अखत्यारीतला भाग) तोडून नवी करण्याची, कारण लग्न-दफनाची फी बुडेल म्हणून जुने पाद्री अडून बसत. १८४३च्या कायद्यानंतर चर्च बांधण्याआधीच नवा पॅरिश-जिल्हा आखता येऊ लागला. अर्थात सगळीच गॉथिक नव्हेत: लंडनमधलं वास्तुकार जॉन नॅशचं ऑल सोल्स चर्च (१८२४) गोल स्तंभमंडपाचं आहे.