शून्य आणि रिकामा रकाना

ताई, शाळेला टॅब मिळाले, लेकरं विज्ञानाचे व्हिडिओ बघतात, पण जबाबदारीनं काही करत नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. नुसतं बघण्यात जबाबदारी येणार कुठून? मीही दोन वर्षं तेच केलं. मग शाळेतला एक जुना फोन आठवीच्या हाती दिला आणि पाऊस मोजायला लावला.

दोन लिटरची, मधे कंबर नसलेली बाटली घ्या. वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळं तयार. तळ उंचसखल असतो, म्हणून आत खडे टाका, ते बुडेपर्यंत पाणी भरा आणि तिथं शून्याची खूण करा. बाहेरून मोजपट्टी चिकटवा. झाड, भिंत यांच्यापासून लांब ठेवा. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खातं मोजतं त्याच वेळेला, ज्याची पाळी तो मोजतो, पट्टीसकट फोटो काढतो आणि गूगल शीटमध्ये आकडा भरतो. आलेख तिथंच वाढत जातो.

पहिल्याच महिन्यात एकानं शनिवार-रविवारला शून्य ठोकून दिलं. शीटच्या हिस्ट्रीत दोन्ही नोंदी सोमवारच्या निघाल्या. 'शेजारच्या गावात तर पाऊस झाला' म्हणून त्याला खोटं पाडायचा मोह झाला होता, पण आपल्याकडचा पाऊस बैलाचं एक शिंग भिजवणारा. त्यावरून काय सिद्ध होणार? मी रागावलो नाही, आलेख टीव्हीवर लावला. एक मुलगी म्हणाली, "सर, पडला नाही आणि मोजला नाही, दोन्हीला शून्य कसं?" नियम लेकरांनीच केला: मोजलं नसेल तर रकाना रिकामा, शेजारी कारण. आता तिथं 'आजीला दवाखान्यात नेलं' असं येतं. मला तो रकाना आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो.

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की अतिवृष्टी धरतात, हे शेतकऱ्याच्या लेकराला सांगावं लागत नाही. एकदा आमच्या बाटलीत ७१ भरलं तर एक पालक आकडा मागायला शाळेत आले. सरकारी कामात हा चालत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण पोरांनी त्या दिवशी फोटो मोठा करून तीनदा वाचला.

पाऊस संपला की त्याच फोनवर फायफॉक्स, म्हणजे फोनच्याच सेन्सरनं विज्ञानाचे प्रयोग मोजणारं अ‍ॅप घ्या, नंतर इंटरनेट लागत नाही. एक मीटरचा लोलक दोन सेकंदांत फेरी पुरी करतो का, बघू द्या. चार्जिंगची पाळीही त्यांनाच द्या. आमच्याकडं सकाळी लाइट नसते, हे माझ्याआधी त्यांच्या लक्षात राहतं.