वडिलांची पद्मिनी: कर्ज काढून पूर्ण करावी का?

प्रश्न: वय ४१, कोल्हापूर. हातात पगार ६२,००० रुपये. गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च ४१,०००, नववीतल्या मुलीसाठी ८,००० ची एसआयपी, अडीनडीला अडीच लाखांची एफडी. वडील गेले, त्यांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी मोटार तीन वर्षं गॅरेजमध्ये उघडून पडली आहे. ३,४०,००० खर्च झाले, इंजिन तयार आहे, अजून २,८०,००० लागतील (कामांची यादी सोबत आहे). तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज आणि दोन महिने बिनपगारी रजा घेऊन काम उरकावं, की आहे तशी ९०,००० ला द्यावी? तयार गाडी इकडे अडीच लाखांना जाते.

उत्तर: गेलेले ३,४०,००० हिशेबातून पूर्ण काढा. गाडी पूर्ण केली काय, विकली काय, ते परत येणार नाहीत. आजपासूनचा हिशेब असा: हाती येऊ शकणारे ९०,००० तुम्ही सोडताय आणि वर २,८०,००० घालताय. म्हणजे गाडी पडते ३,७०,००० ला, बाजारात मोल अडीच लाख. वरचे १,२०,००० ही वडिलांच्या आठवणीची किंमत. ती देण्यात काहीच चूक नाही. फक्त ती शिलकीतून द्या, कर्जातून नको.

कर्जाने काय होतं ते पाहा. तीन लाख, १४ टक्के, तीन वर्षं: हप्ता साधारण १०,२५०, व्याज ६९,०००. दोन महिन्यांच्या रजेत १,२४,००० पगार बुडेल. म्हणजे व्याज आणि रजा मिळून १,९३,००० जातील आणि त्यातला एक नटही गाडीला लागणार नाही. एसआयपी धरून तुमची महिन्याची शिल्लक १३,०००; हप्त्यानंतर उरतात पावणेतीन हजार. मुलगी तेव्हा दहावी-बारावीत असेल. एफडी म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च आहे, तिला हात लावू नका.

एसआयपी तशीच ठेवून शिलकीतले महिना ८,००० आणि दिवाळीचा बोनस एवढ्यावरच गाडीचं काम चालवा. मात्र कामाचा क्रम बदलावा लागेल. तुमच्या यादीत रंग (७०,०००) आणि सीट-क्रोम-काचा-रबर (७५,०००) वर आहेत. ते शेवटी न्या. आधी पत्रा ४५,०००, ब्रेक-सस्पेन्शन ४०,०००, वायरिंग २५,०००, टायर-बॅटरी २५,०००. एकूण १,३५,०००. तीस हजार बोनस धरला तर तेरा-चौदा महिन्यांत गाडी रस्त्यावर येते. रंग आधी केला तर इंजिन बसवताना आणि वायरिंग ओढताना ओरखडे पडतात, मग टचअपचे पैसे वेगळे.

खरी गोम पत्र्यात आहे. पद्मिनीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे दारांखालचे सिल (उंबऱ्याचे पत्रे), फरशी आणि डिकीचा तळ कुजला असेल तर नुसती पुट्टी (खड्डे बुजवायचा लगदा) भरून चालत नाही. गॅरेजला पुढचे पैसे देण्याआधी स्वतः तपासा: फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे आत पुट्टी आहे. खालून स्क्रूड्रायव्हरने टोचा. टोक आत गेलं तर पत्रा संपला. पुढच्या सस्पेन्शनच्या बैठकीजवळ असं झालं आणि पत्र्याच्या खर्चाचा अंदाज ९०,००० च्या वर गेला, तर मात्र गाडी आहे तशी द्या. नवा पत्रा लागला की त्यावर इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पाणी न शोषणारा थर) मारून घ्या. साधा प्रायमर पाणी शोषतो, आणि तुमचा रंग वर्षभराने होणार आहे. पावसाळ्यात त्याखाली पुन्हा गंज धरेल.

तयार इंजिन नुसतं पडून राहू देऊ नका. स्पार्क प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडून महिन्यातून एकदा हाताने फिरवा, नाहीतर पिस्टनच्या रिंगा आत चिकटून बसतात आणि बोअरिंगचा (सिलिंडर आतून घासून नीट करण्याचा) खर्च वाया जातो. रजेऐवजी रविवारचे पाच-सहा तास पुरतील: सुटे भाग साफ करणं, पिशव्यांत भरून नावं लिहिणं, सीट उसवणं, दार-काचांच्या कडेची रबरी पट्टी (बिडिंग) बसवणं. वेल्डिंग आणि ब्रेक मिस्त्रीकडेच. मजुरी टप्प्याटप्प्याने द्या, आगाऊ रक्कम त्या टप्प्यातल्या सामानापुरतीच. क्रोमच्या पट्ट्या आणि मोनोग्राम (गाडीच्या नावाचे बिल्ले) मोजून घरी आणा. गॅरेजमधून पहिले तेच गायब होतात, आणि मग जुन्या बाजारात दुकानदार म्हणेल तो भाव.

कागद आजच काढा. १९८४ ची नोंदणी वेळेवर नूतनीकरण झाली असेल तरी २०२४ मध्ये मुदत संपली. २० वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० आहे, उशिराबद्दल महिना ५०० वेगळे, शिवाय पर्यावरण कर. तपासणीला गाडी चालत न्यावी लागते, म्हणूनही आधी ब्रेक आणि वायरिंग, रंग नंतर. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) वडिलांच्या नावावर असेल तर वारस म्हणून फॉर्म ३१ भरून ती तुमच्या नावावर करा. भावंडं असतील तर त्यांची लेखी संमती जोडा. हे झाल्याशिवाय विकायची ठरवलीत तरी ९०,००० देणारा गाडी रीतसर नावावर करून घेऊ शकणार नाही.