आखाजीचा डाव शूट करण्याआधी हे प्रसंग बघा

भाऊ, तुम्ही आखाजीच्या, म्हणजे खान्देशातल्या अक्षय तृतीयेच्या, तीन पत्तीवर अहिराणी शॉर्ट फिल्म करताय, शेवटच्या डावात नायकाला तीन एक्के द्यायचं ठरवलंय, आणि त्याआधी सिनेमा-मालिकांतले जुगाराचे कोणते प्रसंग बघावेत असं विचारलंय. माझं लहानपण अमळनेर तालुक्यातल्या गावात आखाजीचे डाव बघत गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या तीन एक्क्यांचं. तीन पत्तीत एकूण 22,100 वेगवेगळे हात पडू शकतात. त्यातले ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते सारखे, फक्त 52, म्हणजे सरासरी 425 हातांत एक. तीन एक्के तर साडेपाच हजारांत एकदा. फिल्म गावात दाखवाल तेव्हा समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी जन्मभर पत्ते पिसलेले असतील. आकडे त्यांना ठाऊक नसतील, पण इतक्या वर्षांत तीन एक्के किती वेळा पाहिले ते त्यांना नक्की आठवतं. ते लगेच म्हणतील, ‘हाई ते पिच्चरमाच व्हस.’

‘कसिनो रॉयाल’ (2006) या बाँडपटातही पोकरच्या शेवटच्या डावात हेच होतं, फक्त तिथे हात पाच पत्त्यांचा असतो. एकाला कलर, दोघांना फुल हाउस (तीन पत्ते एका आकड्याचे, दोन दुसऱ्या), आणि बाँडच्या हातात इस्पिकची पंजी-सत्ती, म्हणजे टेबलावरच्या पत्त्यांसकट चौकीपासून अठ्ठीपर्यंत सलग इस्पिक. डाव 11.5 कोटी डॉलरचा. पत्त्यांच्या हिशोबाने हे पटण्यासारखं नाही. तरी प्रसंग उभा राहतो, कारण खलनायक ल शिफ्रने दहशतवाद्यांचा पैसा घालवलाय आणि तो भरून काढायला तो खेळतोय. हरला की त्याचा जीव जाणार. त्या वेळी ल शिफ्र झालेल्या मॅड्स मिकेलसनच्या चेहऱ्याकडे बघा. तुमच्या पटकथेत हरणाऱ्याचं असं काय पणाला लागलंय, ते मला अजून दिसलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ ‘राउंडर्स’ला (1998) द्या. जॉन माल्कोविचचा टेडी केजीबी खेळताना ओरिओ बिस्किटं खातो. मॅट डेमनच्या लक्षात येतं की तो बिस्किट कसं फोडतो, कसं खातो, त्यावरून त्याच्याकडे काय आलंय ते कळतंय. मग तो स्वतःचा चांगला हात टाकून देतो. मला त्या चित्रपटात हीच जागा सगळ्यात मोठी वाटते, आणि तिथे तो जिंकत नाही, पॅक करतो! टेडी भडकतो आणि खेळ तिथून फिरतो. आमच्या गावात एक आबा होते, पोरांना नेहमी सांगायचे, ‘पत्तासले नको देखू, तोंडले देख.’ समोरचा विडी कोणत्या हातात धरतो, चाल करण्याआधी टोपी सरळ करतो का, यावर त्यांचा डाव चालायचा. तुमच्या नायकाला अशी एखादी खूण सापडू द्या. मग एक्के लागणारच नाहीत.

लबाडी दाखवायची असेल तर ‘द स्टिंग’ (1973) मधला आगगाडीतला डाव बघा. रॉबर्ट शॉचा लोनेगन पत्ते लावून घेतो, स्वतःला चार नव्वी येतील अशी सोय करतो. समोरचा पॉल न्यूमन दारू प्यायल्याचं सोंग करून चार गुलाम टाकतो. आता लोनेगन ओरडणार कसा? ओरडला तर आपण काय केलं होतं तेही सांगावं लागेल. आपल्याकडचे कितीतरी डाव याच कारणाने भांडण न होता मोडलेत.

हिंदीत ‘बाजी’ (1951) बघा. गुरुदत्तचं पहिलं दिग्दर्शन, पटकथा बलराज साहनींची. क्लबमधल्या गाण्यात पत्त्यांपेक्षा तिथली माणसं कशी टिपलीत ते बघा.

पण या सगळ्यांच्या वरचा प्रसंग तुम्ही लहानपणी पाहिलेला असेल. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’मधली द्यूतसभा. गुफी पेंटलचा शकुनी तळहातांत फासे घोळवतो, आणि फासे पडण्याआधीच निकाल सगळ्यांना ठाऊक असतो. कथा तर आजीपासून ऐकलेली. तरी श्वास अडकतो, कारण युधिष्ठिर थांबू शकतो आणि थांबत नाही. धन जातं, राज्य जातं, मग भाऊ, मग तो स्वतः, मग द्रौपदी. प्रत्येक पणानंतर मान खाली घातलेली सभा दिसते. आमच्याकडे पूर्ण गल्लीत एकच टीव्ही होता, ओट्यावर काढून ठेवायचे. युधिष्ठिराने भावांना पणाला लावलं तेव्हा गर्दीतले एक काका उठले, चपला घातल्या आणि घरी गेले. दोन वर्षांपूर्वी आखाजीला त्यांनी बैलजोडी घालवली होती आणि त्यांचा धाकटा भाऊ तिथेच बसला होता. मला तो भाग आठवतो तो त्यांच्या पाठीसकट.

म्हणून कॅमेरा डावाच्या मधोमध नका ठेवू. भोवती उभ्या माणसांत ठेवा. ज्याच्याकडे खेळायला पैसे नाहीत पण हलताही येत नाही तो, बापाला जेवायला बोलवायला आलेला पोरगा, रस्त्यावर पोलिसांची गाडी बघायला बसवलेला. आखाजीला डाव खळ्यात बसला तरी 1887 चा जुगारबंदीचा कायदा लागू असतोच, हे सगळ्यांना माहीत असतं आणि ती भीती फिल्ममध्ये हवी. बूट, म्हणजे डावाआधी प्रत्येकाने मध्ये टाकायचे पैसे, लावताना नोटांच्या घड्या दाखवा, कपाशीच्या बियाण्यासाठी ठेवलेली नोट वेगळी ओळखू येते.

आणि आवाज. त्या दिवशी पलीकडे कडुनिंबाला झोके बांधलेले असतात, माहेरी आलेल्या लेकी गाणी म्हणत असतात. घरात पुरणाच्या मांड्यांचं खापर तापलेलं असतं. डावात कुणी बोलत नसेल तेव्हा ती गाणी ऐकू येऊ द्या, वरून संगीत लावू नका. हारणाऱ्याची बहीण त्यात गात असेल तर तुम्हाला संवादही लागणार नाही. ही गाणी नंतर स्टुडिओत तशी मिळत नाहीत, त्यामुळे बाकी शूटिंग कधीही करा, आवाज मात्र आखाजीच्याच दिवशी रेकॉर्ड करून ठेवा. दुपारी वारा सुटतो, सकाळी लवकर जा.