फॅटी लिव्हर असताना कोणती पेनकिलर घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, म्हणून कंबरदुखीसाठी पॅरासिटामॉल कायमचं बंद केलं. आता अ‍ॅसिक्लोफेनॅक रोज घेताय आणि जोडीला लिव्हरचं टॉनिक. चालेल का? नाही चालणार. तुम्ही नेमकं उलटं करताय, आणि हा उलटा सल्ला इतक्या जणांकडून ऐकलाय की सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पॅरासिटामॉल लिव्हरला घातक ठरतं ते मात्रा ओलांडल्यावर. नेहमीच्या मात्रेत त्यातला बहुतेक भाग लिव्हर निरुपद्रवी करून लघवीवाटे काढतं. साधारण ५ ते १० टक्के भागापासून नॅपक्वी नावाचा विषारी पदार्थ बनतो आणि लिव्हरमधलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याला तिथल्या तिथे निकामी करतं. मात्रा वाढली की नॅपक्वी जास्त बनतो, ग्लुटाथायोन संपतं आणि मग लिव्हरच्या पेशी मरायला लागतात. रोज दारू पिणाऱ्याकडे, उपाशी माणसाकडे, आजारपणात चार दिवस पेजेवर असलेल्याकडे ग्लुटाथायोनचा साठा आधीच कमी असतो. म्हणून मोठ्या निरोगी माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम, रोज घ्यायचं असेल तर ३ च्या आत, आणि सिरॉसिस (लिव्हर कायमचं कडक होणं) किंवा दारूचं व्यसन असेल तर २ ग्रॅम. हो, सिरॉसिसच्या रुग्णालाही डॉक्टर पॅरासिटामॉलच देतात, मात्रा कमी करून. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक त्याला टाळतात, कारण त्याने किडनी बसते आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होऊ शकतो.

मग माणसं अडकतात कुठे? स्ट्रिपच्या मागे. पावसाळ्यातला ताप घ्या. डॉक्टरांनी डोलो ६५० दिवसातून चार वेळा दिली : २६०० मिलिग्रॅम. नाक गळतंय म्हणून घरात पडलेली सिनारेस्ट तीन वेळा, प्रत्येकीत ५०० : झाले ४१००. अंग ठणकतंय म्हणून शेजाऱ्यांनी दिलेली झीरोडॉल-पी सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकीत ३२५ : एकूण ४७५०. माणूस शपथेवर सांगतो की "मी डोलो चारच घेतल्या". खोटं बोलत नसतो तो. त्याच्या लेखी एक तापाची, एक सर्दीची, एक अंगदुखीची अशा तीन गोळ्या आहेत. लिव्हरच्या लेखी तिन्ही पॅरासिटामॉल. वर जेवण नाही, उलट्या चालू, आणि ताप डेंग्यूचा असेल तर एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारे आकडे) तापानेच चढलेले. कॉम्बिफ्लाम, सुमो, अल्ट्रासेट, सॅरिडॉन, सगळ्यांत पॅरासिटामॉल आहे. स्ट्रिप फाडताना नाव असलेला तुकडा ठेवून घटक लिहिलेला तुकडा फेकायची सवय आधी मोडा. घरात ताप आला की कागदावर वेळ आणि मिलिग्रॅम लिहा, गोळ्यांचा नुसता आकडा नको.

मुलांच्या सिरपात हाच घोळ आणखी वाईट. एका बाटलीत ५ मिलीला १२० मिलिग्रॅम, दुसरीत २५०, ड्रॉप्समध्ये एकाच मिलीत १००. "एक झाकण द्या" याला काही अर्थ नाही. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२ किलोच्या मुलाला १२० च्या बाटलीतून ५ मिली पुरतं, २५० च्या बाटलीतून अडीच. पुढचा डोस किमान चार तासांनी, दिवसात चारच्या वर नाही.

आता तुमची अ‍ॅसिक्लोफेनॅक. तिचा काही भाग शरीरात डायक्लोफेनॅक होतो. डायक्लोफेनॅकने लिव्हरला होणारी इजा मात्रेवर फारशी अवलंबून नसते. कोणाला होईल ते आधी कळत नाही, आणि बहुधा पहिल्या काही महिन्यांत होते. रोज घेणारच असाल तर सुरू केल्यावर चार ते आठ आठवड्यांनी एसजीपीटी करा, सोबत किडनीसाठी क्रिएटिनिनची तपासणीही. निमेसुलाइड या पेनकिलरला तर हातच लावू नका. लिव्हरच्या तक्रारींमुळे फिनलंड आणि स्पेनमध्ये २००२ साली ती बाजारातून गेली, आपल्याकडे २०११ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना बंद आहे. तरी "लवकर उतार पडतो" म्हणून मागणारे संपत नाहीत.

आणि टॉनिक. गोळीने होणारं नुकसान टॉनिकने भरून निघतं ही समजूत मला सगळ्यात धोकादायक वाटते, कारण तिच्या भरवशावर माणूस आणखी गोळ्या खातो. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा आहे तो एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, आणि तो हॉस्पिटलात द्यायचा असतो. "मग आयुर्वेदिक तरी सुरक्षित ना?" असंही सरसकट म्हणता येत नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही जणांना लिव्हरचा दाह झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण काविळीच्या रुग्णाने काढे बंद करावेत यात मला तरी वाद दिसत नाही.

एक मान्य करायला हवं : जुन्या कंबरदुखीवर पॅरासिटामॉल फारसं लागू पडत नाही. तुम्हाला त्याने बरं वाटत नसेल तर मात्रा वाढवत बसू नका. डायक्लोफेनॅकचं जेल लावा, रक्तात फार थोडं उतरतं, आणि फिजिओथेरपिस्टकडे व्यायाम शिका. टीबीची किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर वर दिलेले आकडे तुमच्यासाठी नाहीत, डॉक्टरांना विचारा. आणि चुकून जास्त गोळ्या गेल्या असतील तर बरं वाटतंय म्हणून थांबू नका. पहिल्या दिवशी नुसती मळमळ असते, कधी तीही नसते, कावीळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसते. उतारा आठ तासांच्या आत सर्वात चांगला काम करतो. रिकाम्या स्ट्रिप्स आणि गोळ्या घेतल्याची वेळ घेऊन थेट कॅज्युअल्टीत जा.