‘सोड’ म्हटलं की सोडायचं: इंदूरच्या वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रं इंदूरची आहेत, आणि तक्रार बहुतेकांची एकच: कुत्रा खेळायला लागला की आवरत नाही. खरं तर खेळ कुत्र्याला शिकवावा लागत नाही, तो त्याला येतोच. खेळ थांबवायचा कसा, हे मात्र घरातल्या माणसांनी शिकवायचं असतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

प्रश्न (सुदामानगर): साडेतीन महिन्यांचं लॅब्राडॉरचं पिल्लू आहे. साडीच्या निऱ्या, पायजमे, नातवाचे हात, सगळं चावतं. ओरडलं की जास्तच चेव येतो. सासूबाई म्हणतात, नाकावर टिचकी मारा. मारावी का?

उत्तर: नको. टिचकीने दोनपैकी एक होतं. पिल्लाला तो नवा खेळ वाटतो, नाहीतर तोंडाजवळ येणाऱ्या हाताची धास्ती बसते. अशी धास्ती बसलेला कुत्रा पुढे औषध पाजताना खराच चावतो.

आधी वय समजून घ्या. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. ते साडेतीन-चार महिन्यांपासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात, म्हणून चावणं बंद करायच्या मागे न लागता चावायला काय द्यायचं ते ठरवा. जुना सुती पंचा भिजवा, पिळा, घट्ट पीळ देऊन मधे गाठ मारा आणि दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. असे दोन-तीन तयार असू द्यात. तुम्ही समोर असतानाच द्या आणि धागे सुटू लागले की काढून घ्या, कारण गिळलेला लांब धागा आतड्यात अडकतो आणि थेट शस्त्रक्रियेवर जातो.

अंगाला दात लागलाच तर हात झटकू नका. पळणारी वस्तू पकडायची हा पिल्लाचा स्वभावच आहे. हात सैल सोडा, एकदाच ‘पुरे’ म्हणा, उठा आणि दाराच्या किंवा जाळीच्या पलीकडे जा. वीस-तीस सेकंदांनी परत या आणि खेळ पुन्हा सुरू करा. पाच मिनिटं बाहेर राहिलात तर आपण का गेलो हे पिल्लाच्या लक्षात राहत नाही. निऱ्यांसाठी साधा उपाय म्हणजे त्या वेळेपुरत्या वर खोचा. हलतात म्हणूनच त्या ओढल्या जातात. जागच्या जागी उभं राहिलात तर मजा संपते.

हे बहुतेक घरांत फसतं ते दोन कारणांनी. एक, आई उठून जाते, आजी रागावते आणि नातू खिदळत पळतो. म्हणजे तिघांत एकाकडे तरी खेळ चालूच राहतो. दोन, पहिले चार-पाच दिवस चावणं वाढतं. पूर्वी चालायचं ते आता का चालत नाही, म्हणून पिल्लू जोर लावून बघतं. लोक नेमके याच वेळी ‘उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात.

आणि झोप मोजा. या वयात दिवसाला १६ ते १८ तास झोप लागते. संध्याकाळी सात-आठला चावरेपणा वाढत असेल तर ते पिल्लू बहुधा पेंगुळलेलं असतं. अशा वेळी खेळ न देता अंधाऱ्या, शांत खोलीत त्याच्या जागी न्या. नातू पाच-सहा वर्षांच्या आतला असेल तर दोघांना एकटं सोडू नका, पिल्लू कितीही गुणी असो.

प्रश्न (राजेंद्रनगर): दीड वर्षाचा कुत्रा चेंडू आणतो, पण तोंडातून सोडत नाही. हिसकावला तर पळतो. दोरीची रस्सीखेच खेळल्याने कुत्रे हिंसक होतात असंही ऐकलं.

उत्तर: रस्सीखेचीने कुत्रा हिंसक होत नाही. उलट ‘सोड’ शिकवायला यासारखं साधन नाही.

दोर ओढता ओढता तुमचं टोक मांडीला टेकवून हात घट्ट स्थिर करा. ओढायचंही नाही, बोलायचंही नाही. दोर मेल्यासारखा झाला की कुत्र्याची पकड सैल होते. नाही झाली तर नाकाशी खाऊचा तुकडा धरा. तोंड उघडतं त्याच क्षणी ‘सोड’ म्हणा, आधी नाही. दोर सुटला की दोन सेकंदांत ‘घे’ म्हणून परत द्या. सगळी गोम इथे आहे. कुत्रा वस्तू धरून बसतो, कारण दिली की ती गेली, असा त्याचा अनुभव असतो. दहातल्या आठ वेळा परत मिळतेय हे कळलं की धरून ठेवण्यात त्याला रस उरत नाही. सकाळ-संध्याकाळ पाच-सहा वेळा पुरे. चेंडूसाठी अगदी सारखे दोन चेंडू घ्या. पहिला घेऊन आला की दुसरा दाखवा, पहिला पडला की लगेच दुसरा फेका.

शब्द मात्र घरात एकच ठेवा. इंदूरच्या घरांत आई ‘सोड’ म्हणते, बाबा ‘छोड’ आणि मुलगी ‘ड्रॉप’. कुत्र्याच्या लेखी ते तीन वेगळे आवाज आहेत.

दोर आडवा ओढा, वर उचलून झटके देऊ नका; मानेच्या मणक्यांवर ताण येतो. चेंडू इतका मोठा हवा की सुळ्यांच्या मागे जाणार नाही. टेबलटेनिसचा किंवा मुलांचा छोटा रबरी चेंडू मोठ्या कुत्र्याच्या घशात बसतो, आणि ओला टेनिस चेंडूही दाबला जाऊन अडकू शकतो. शिवाय त्याच्या लोकरीत माती अडकली की ती दातांवर पॉलिशपेपरसारखी घासते. भोक असलेला जाड रबरी चेंडू उत्तम. दहा-बारा फेकी झाल्या की थांबा, तेही मातीवर किंवा गवतावर. घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर धावत वळताना मागचे पाय घसरतात आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटू शकतो. झाडाची काटकी फेकू नका. ती जमिनीत उभी रोवली गेली आणि कुत्रा वेगाने त्यावर आला तर टाळू फाटते.

प्रश्न (टिळकनगर): रोज संध्याकाळी अचानक घरभर सुसाट गोल धावतो, सोफ्यावरून उड्या मारतो. वेड तर नाही?

उत्तर: नाही. साठलेला जोम दोन-तीन मिनिटांत बाहेर पडतो, आंघोळीनंतर तर हमखास. मागे धावू नका, जिन्याचं दार लावा, पायपुसणी उचला. मात्र तो तासन्‌तास स्वतःची शेपटी पकडत फिरत असेल आणि हाकेनेही थांबत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न (वैशालीनगर): पग आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेनऊला फिरवतो, तर पाच मिनिटांत धापा टाकतो. पण खेळायला तरी काढायला हवं ना?

उत्तर: साडेनऊला नाहीच. कुत्र्याला घाम जवळपास पंजांपुरताच येतो. बाकी बरीचशी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो, आणि पगचं नाक-घसा इतकं आखूड आणि चिंचोळं असतं की तीच वाट अरुंद. पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत सहा-साडेसहाच्या आत फिरवून आणा. संध्याकाळी सूर्य मावळला म्हणजे झालं असं नाही, डांबर बराच वेळ तापलेलं राहतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर ७ सेकंद टेकवा. ठेवता येत नसेल तर त्याचे पंजेही ठेवू नका. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरा.

दुपारचा खेळ घरात आणि नाकाचा. इडलीपात्रातली एक ताटली घ्या, खळग्यांत त्याच्याच जेवणातले दाणे टाका आणि प्रत्येकावर कापडाची गाठ ठेवा. गाठ उचलायची, दाणा खायचा. किंवा जुना टॉवेल पसरून दाणे विखुरा आणि गुंडाळून द्या. दहा मिनिटं हुंगूनही कुत्रा चांगलाच निवतो. हे दाणे दिवसाच्या जेवणातूनच काढा. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या भागाच्या वर गेला की पग आठवड्यांत गोल होतो.

निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल लटपटती दिसली तर ताबडतोब सावलीत न्या, पोट, जांघा आणि पंजांवर पाणी ओता आणि पंखा लावा. इथे एक फसगत होते: मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून गरमच येतं. बादलीत आधी भरून ठेवलेलं किंवा माठातलं घ्या. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो उष्णता कोंडतो. तापमान ३९.४ ला उतरलं की पाणी थांबवा आणि जवळच्या डॉक्टरांकडे जा. इंदूरबाहेर महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे खरं, पण अशा वेळी तिथवरच्या प्रवासात वेळ घालवू नका.

प्रश्न (रामबाग): शेजाऱ्यांचा आणि आमचा कुत्रा अंगणात गुरगुरत कुस्ती खेळतात. खेळ कुठे संपतो आणि भांडण कुठे सुरू होतं?

उत्तर: गुरगुरण्यावर जाऊ नका, खेळातही गुरगुरतात. अंगाकडे बघा. पुढचे पाय टेकून मागचा भाग उंच करणं म्हणजे ‘आता जे करतोय ते खोटं खोटं’ अशी सूचना. खेळात तोंड सैल उघडं असतं, उड्या जास्त असतात, आणि कधी हा वर तर कधी तो. भांडणाआधी उलट सगळं थिजतं: तोंड बंद, अंग ताठ, शेपटी उंच, आवाज थांबलेला.

शंका आली तर वरचढ असलेल्याचा हार्नेस धरून पाच सेकंद थांबवा. खाली असलेला परत त्याच्याकडे आला तर त्यालाही खेळ हवाय. ओट्याखाली किंवा तुमच्या पायांमागे गेला तर पुरे झालं. तसंही दर तीन-चार मिनिटांनी दोघांना बोलावून खाऊ द्या आणि पुन्हा सोडा. तापणं तिथेच उतरतं. हाडं आणि खेळणी आधी उचला, आणि पट्टे लावून झुंजू देऊ नका. भांडण जुंपलंच तर मधे हात घालायचा नाही. बादलीभर पाणी किंवा अंगावर जाड चादर.

प्रश्न (लोकमान्यनगर): आजोबा रोज सकाळी त्याच्याशी खेळताना पोह्यांचा घास आणि जिलबीचा तुकडा देतात. आजोबांना थांबवणं अवघड आहे.

उत्तर: मग घास बदला. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने दोष जात नाही आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो, म्हणून लोकांना संबंध लागत नाही. म्हणजे कांद्याचे पोहे नको, उसळपोहे नको, वरची शेव तर मिठामुळेही नको. शिऱ्यातले बेदाणे त्याहून वाईट, थोड्याशानेही मूत्रपिंडं बसू शकतात. चॉकलेट आणि झायलिटॉल असलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम ही तर तातडीची बाब. हिवाळ्यात सराफ्याच्या खाऊबाजारातून आणलेला तळलेला गराडू (एक कंद) हाही नको, तेलामुळे स्वादुपिंड सुजतं. आजोबांच्या ताटाशेजारी एक वाटी ठेवा: उकडलेल्या गाजराचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, आठ-दहा. द्यायचं सुख आजोबांचं आणि शेपटी त्याची, दोन्ही चालू राहतं.

प्रश्न (राजवाड्याजवळ): रंगपंचमीच्या गेरच्या (रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीच्या) आवाजाने कुत्रा पलंगाखाली जातो. ओढून बाहेर काढावं का?

उत्तर: मुळीच नको, ती त्याची जागा. पहाटे लांब फेरी करा, आतल्या खोलीत खिडक्या लावून पंखा आणि रेडिओ चालू ठेवा, चाटायला काहीतरी द्या. जवळ येऊन बसला तर थोपटा, त्याने भीती ‘लाडावत’ नाही. अंगावर रंग पडला तर आधी कोरडाच ब्रशने झाडा, मग साधं पाणी. रॉकेल नाही.

प्रश्न (पलासिया): खेळता खेळता आमच्याच कुत्र्याचा दात मुलीच्या हाताला लागला, थोडं रक्त आलं. त्याला लस दिलेली आहे. डॉक्टरकडे जायचं का?

उत्तर: जायचं, आजच. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका, घट्ट पट्टी बांधू नका. जाताना कुत्र्याचं लसीचं कार्ड न्या. रेबीजची मागची मात्रा कोणत्या तारखेची, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील. इंजेक्शनं घ्यायची की नाही हे त्यांना ठरवू द्या. त्यासोबत कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचं असतं: खाणंपिणं, आवाज, चाल. तेवढे दिवस त्याला दुसऱ्या घरी पाठवू नका, आणि मुलीशी दोरीचा खेळ दहा दिवस बंद. त्यानंतर सुरू कराल तेव्हा राजेंद्रनगरच्या उत्तरातल्या ‘सोड’पासून करा.