बोगद्याच्या पुढ्यातले पाणी : वाचकांचे प्रश्न

पुढचा खडक फोडण्याआधीच त्यात पाणी आहे हे कळते कसे? (स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कराड)

पाणी थेट दिसत नाही. पाण्यामुळे खडकाचे जे गुणधर्म बदलतात ते मोजायचे आणि त्यावरून अंदाज बांधायचा. बोगद्याच्या भिंतीत ओळीने छिद्रे पाडून त्यांत छोटे स्फोट करतात आणि पुढच्या भ्रंशावरून (खडक तुटून सरकलेल्या पट्ट्यावरून) परतणाऱ्या कंपनलहरी टिपतात. भेगा कोरड्या असतील तर प्राथमिक (दाबाच्या, P) आणि दुय्यम (आडव्या हेलकाव्याच्या, S) दोन्ही लहरी मंदावतात. त्याच भेगा पाण्याने भरलेल्या असतील तर प्राथमिक लहर बरीचशी सावरते, पण द्रवातून जाऊच न शकणारी दुय्यम लहर मंदच राहते. दोन्ही वेगांतली ही तफावत म्हणजे पहिला इशारा.

दुसरा इशारा विजेचा. काळ्या पाषाणातून वीज सहजी वाहत नाही, पाणी भरलेल्या भेगाळ पट्ट्यातून वाहते. तिसरा रडारचा. पाण्याचा विद्युतपार्यता स्थिरांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचे माप) ८० च्या आसपास, खडकाचा साधारण ५ ते ९ आणि हवेचा १. एवढ्या फरकामुळे पाण्याच्या कडेवरून रडारलहर जोरात परतते.

हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा प्रतिसाद ऐकून खुद्द पाणीच ओळखणारी चुंबकीय अनुस्पंदन पद्धतही आहे. पण तो संकेत अतिशय क्षीण असतो आणि बोगद्यातल्या केबल-यंत्रांच्या गोंगाटात तो पकडणे फार अवघड जाते.

आमच्याकडे भूकंपीय सर्वेक्षण होते. ठेकेदार म्हणतो तेवढे पुरे. खरे का? (जलविद्युत प्रकल्पावरचा साइट इंजिनिअर, हिमाचल प्रदेश)

नाही. हे सर्वेक्षण, म्हणजे वर सांगितलेली स्फोट आणि कंपनलहरींची पद्धत, १०० ते १५० मीटर पुढचे सांगते, म्हणून ते सगळ्यांना आवडते. पण बोगद्याला आडवा जाणारा भ्रंश त्याला चांगला सापडतो. बोगद्याला जवळपास समांतर धावणारी भेग निसटू शकते, कारण तिच्यावरून परतलेली लहर तुमच्या लहरी टिपणाऱ्या उपकरणापर्यंत पोहोचतेच असे नाही. शिवाय भ्रंश सापडला तरी त्यात पाणी किती, हे प्रामुख्याने विद्युत पद्धतीच सांगतात.

म्हणून आधी भूकंपीय पद्धतीने लांबचा संशयित पट्टा ठरवा. तो जवळ आला की फेसवर (खोदाई चालू असलेल्या समोरच्या खडकावर) तारेचे वेटोळे लावून क्षणिक विद्युतचुंबकीय मोजणी घ्या. ही साधारण ६०-८० मीटर पुढचे सांगते. मात्र लोखंडी कमानी, रॉकबोल्ट (खडक बांधून ठेवणाऱ्या सळ्या) आणि जवळ उभे जम्बो हे छिद्रे पाडणारे यंत्र तिचे आकडे बिघडवतात. मोजणीपुरती यंत्रे मागे घ्यायलाच हवीत, आणि नेमके तेच टाळले जाते. शेवटच्या २०-३० मीटरसाठी रडार. ओल्या किंवा चिकणमातीच्या खडकात त्याचा पल्ला आणखी कमी भरतो.

आणि मग प्रोब होल, म्हणजे पुढचा खडक तपासायला मारलेले लांब भोक. त्याला पर्याय नाही. पण तेही तोंडाशी पाइप पक्का बसवून, झडप लावूनच मारायचे. १०० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १० बार असतो आणि हिमालयात डोक्यावर कित्येकशे मीटर डोंगर असतो. कुलू जिल्ह्यातल्या पार्वती-२ प्रकल्पात २००६ मध्ये प्रोब होल जलधारक पट्ट्यात घुसले आणि वाळू-गाळासह आलेल्या पाण्याने टीबीएमच (बोगदा खोदणारे यंत्र) गाडले. ते भोक पाणी शोधण्यासाठीच मारले होते. तुमच्या साइटवर झडप नसेल तर आजच मागणी लेखी द्या.

सर्वेक्षणाने पाणी सांगितले, ड्रिलिंगमध्ये चिकणमाती निघाली. पैसे वाया गेले का? (निवृत्त उपअभियंता, नाशिक)

अजिबात नाही. ओल्या चिकणमातीतूनही वीज छान वाहते, त्यामुळे विद्युतरोध दोघांचाही कमीच येतो. प्रेरित ध्रुवीकरणाची (प्रवाह तोडल्यावर खडकात विजेचा भार किती टिकतो याची) मोजणी जोडली तर फरक काहीसा उलगडतो. पण भ्रंशातली चिकणमाती हासुद्धा धोकाच आहे. तिच्या पलीकडे पाणी तुंबलेले असू शकते. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये दोन लाव्हाथरांमधला तांबडा मातकट थर आणि डाइकच्या (जुन्या खडकात उभ्या घुसून थिजलेल्या लाव्हाच्या भिंतीच्या) कडेचा भेगाळ पट्टा हे दोन्ही असेच चकवतात. माझ्या मते खोटा इशारा स्वस्त पडतो, हुकलेला इशारा नाही.

टीबीएम असताना एवढी काळजी कशाला? (वाचक, ठाणे)

उलट टीबीएम असेल तर काळजी जास्त हवी. खडक कापणाऱ्या पुढच्या कर्तनचक्राने फेस झाकलेला असतो, त्यामुळे वेटोळे किंवा अँटेना लावायला जागाच नसते. यंत्र मागेही सहज घेता येत नाही. चक्रावरच इलेक्ट्रोड बसवून मोजणारी यंत्रणा आहे, पण तिचा पल्ला बोगद्याच्या व्यासाच्या काही पटींइतकाच. तेलंगणातल्या श्रीशैलम डाव्या कालव्याच्या बोगद्यात २२ फेब्रुवारी २०२५ रोजी छत कोसळून पाणी आणि चिखल आत आला, ८ जण अडकले. तोंडापासून ती जागा सुमारे १४ किलोमीटर आत होती. इतक्या आत असलेल्या माणसाला पळायला वेळच उरत नाही, म्हणून इशारा आधी मिळायला हवा.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’चा बोगदा लोणावळा तलावाखालून जातो. तलाव आत उतरणार नाही ना? (वाचक, पुणे)

मधे दीडशे मीटरहून जास्त खडक आहे. तो अभंग असेल तर तलावाची चिंता नको. भेगाळ पट्टा किंवा डाइक वरपर्यंत गेलेला असेल तिथेच पाण्याला वाट मिळते. अशा ठिकाणी तलावाच्या पातळीची आणि बोगद्यातल्या गळतीची नोंद एकत्र ठेवणे हाच उपाय.

आमच्या डोंगराखालून बोगदा जाणार आहे. झरे आटतील का? (ग्रामपंचायत सदस्य, रत्नागिरी जिल्हा)

आटू शकतात. जोशीमठजवळ तपोवन-विष्णुगड प्रकल्पात डिसेंबर २००९ मध्ये टीबीएमने जलधर (पाणी साठवणारा खडकाचा थर) फोडला. गळती सेकंदाला ७००-८०० लिटर, म्हणजे दिवसाला ६-७ कोटी लिटर असल्याचे २०१० मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत छापून आले. एवढे पाणी खाली वाहून गेले की वरच्या झऱ्यांवर त्याचा परिणाम होण्याची भीती रास्तच आहे.

खोदाई सुरू होण्याआधी किमान एक पूर्ण वर्ष, म्हणजे पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही धरून, प्रत्येक झऱ्याचे आणि विहिरीचे मोजमाप ग्रामपंचायतीने स्वतः करावे. मोजमापाचे भांडे आणि घड्याळ पुरते. भांडे किती सेकंदांत भरले आणि विहिरीत पाणी काठापासून किती खाली आहे, हे तारीख-वार लिहून ठेवा, जमेल तर मोबाइलवर फोटोही. ठेकेदाराकडून बोगद्याच्या पुढ्यातल्या खडकाच्या सर्वेक्षणांचे अहवाल मागा आणि जिथे पाण्याचा पट्टा दाखवला असेल तिथे आधी ग्राउटिंग (भेगांत सिमेंट भरून त्या बुजवणे) करण्याची अट करारात आहे का, ते विचारा.