वॉरंटी गाडीला आहे, इंजिनाला नाही म्हणतात

प्रश्न : मी नागपूरच्या मानेवाडा भागात राहतो, खासगी नोकरी करतो. 2021 च्या दिवाळीत टर्बो पेट्रोल गाडी घेतली, ऑन-रोड 11 लाख 60 हजारांना. तेव्हाच 24 हजार जास्तीचे भरून पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली. सगळ्या सर्व्हिसिंग शोरूमलाच केल्या. मे महिन्यात समृद्धीनं शिर्डीला जाताना कारंजा लाडच्या पुढे टेम्परेचरचा लाल दिवा लागला, बोनेटमधून वाफ निघाली. गाडी कडेला घेतली, टो करून नागपूरला आणली. मीटरवर 61 हजार किलोमीटर. वर्कशॉपचं म्हणणं, कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा पाइप फुटला, रबरी पाइप वॉरंटीत येत नाही, आणि तुम्ही तापलेली गाडी पळवली म्हणून हेड गेलं, इंजिन बसलं. एस्टिमेट 2 लाख 85 हजार. ‘कंपनीनं क्लेम रिजेक्ट केला सर, आमच्या हातात काही नाही’ एवढंच उत्तर मिळतं. आता इंजिन उघडायच्या संमतीपत्रावर सही मागतात. सही दिली नाही तर रोजचे 300 रुपये पार्किंग लावू म्हणतात. पैसे भरून गाडी सोडवू, की नवीन गाडी मागू? माझा साळा म्हणतो, शोरूमसमोर गाडीला गाढव जुंपू. बिलं, जॉब कार्डं, वॉरंटीचे कागद आणि संमतीपत्र यांचे फोटो सोबत पाठवले आहेत.

उत्तर : सही करू नका. निदान त्या छापील फॉर्मवर, तो आहे तसा तरी नाही. त्यात दोन ओळी आहेत. एक, बिघाड वॉरंटीबाहेरचा निघाला तर इंजिन खोलण्याची 28 हजार मजुरी तुमच्याकडे. दुसरी, बिघाडाचं कारण वर्कशॉप ठरवेल आणि ते तुम्हाला मान्य असेल. पहिली ओळ खर्चाची आहे, ती सोसता येईल. दुसरीवर सही केली की तुमची केस तिथेच आटोपली.

तुमचं इंजिन गेलं याबद्दल कोणाचंच दुमत नाही. सगळं भांडण एवढंच, की सगळ्यात आधी काय बिघडलं. रबरी पाइप, क्लच प्लेट, ब्रेक पॅड या झिजणाऱ्या वस्तू बहुतेक एक्स्टेंडेड वॉरंट्यांत वगळलेल्या असतात, आणि वगळलेल्या वस्तूमुळे पुढे झालेलं नुकसानही वगळलेलं असतं. म्हणून पाचशे-हजाराचा पाइप आधी फुटला असं एकदा कागदावर आलं, की पावणेतीन लाखांवरचं इंजिन आपोआप तुमच्या गळ्यात. पण पाइप दाब वाढल्यामुळेही फुटतो. थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकला, वॉटर पंप गळायला लागला किंवा रेडिएटरचा पंखा फिरायचा थांबला की आधी इंजिन तापतं आणि मग सर्वांत कच्च्या जागी पाइप जातो. तुमच्या पुस्तिकेच्या यादीत हे तिन्ही भाग वॉरंटीत आहेत. फुटलेला पाइप दिसतो म्हणून दोष पाइपाचा, हे निदान नाही, सोय आहे.

आता तुमची बिलं. 48 हजार किलोमीटरच्या सर्व्हिसिंगच्या बिलात सातव्या ओळीवर ‘कूलंट 1 लिटर’ आहे. 58 हजारांच्या बिलात पुन्हा ‘कूलंट 1 लिटर’. ही ओळ तुमच्या नजरेतून सुटली असेल, पण मी ती दोनदा वाचली. कूलंटची व्यवस्था बंदिस्त असते. ते पेट्रोलसारखं संपत नाही आणि इंजिन ऑइलइतकंही कमी होत नाही. दहा हजार किलोमीटरच्या अंतरानं दोनदा लिटर-लिटर ओतावं लागलं, म्हणजे ते कुठेतरी जात होतं. मेकॅनिकनं ओतलं, तुमच्याकडून पैसे घेतले, पण गळती शोधायची प्रेशर टेस्ट केल्याची नोंद एकाही जॉब कार्डावर नाही. उलट दुसऱ्या कार्डावर ‘होज / लीकेज’ या रकान्यात बरोबरची खूण आहे. तेव्हा तुमची तक्रार दोन पायांवर उभी राहील. एक्स्टेंडेड वॉरंटीचा करार मोडला हा एक पाय. गळती समोर असताना तपासली नाही, म्हणजे सेवेत कसूर, हा दुसरा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(11) मध्ये तो येतो. पाइप वॉरंटीत नाही, असं ग्राहक आयोगानं उद्या मान्य केलं तरी हा दुसरा पाय टिकतो.

‘तापलेली गाडी पळवली’ या आरोपाचं उत्तर गाडीच्याच पोटात आहे. इंजिनाचा कॉम्प्युटर फॉल्ट कोडसोबत, म्हणजे बिघाडाच्या नोंदीसोबत, त्या क्षणाचं तापमान, आरपीएम आणि वेग साठवून ठेवतो. बॅटरी काढण्याआधी किंवा कोड पुसण्याआधी पूर्ण स्कॅन रिपोर्टची प्रत आजच ई-मेलनं मागा. ‘रिपोर्ट ग्राहकाला देत नाही’ असं उत्तर आलं, तर ते लेखी घ्या. पुढे ते त्यांनाच जड जाईल. शिवाय समृद्धीवर चढल्याची वेळ तुमच्या फास्टॅगमध्ये आहे आणि रोडसाइड असिस्टन्सला केलेल्या कॉलची वेळ तुमच्या फोनमध्ये. दोन्हीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कायद्याच्या बाजूनं तुमच्यासाठी सर्वांत कामाचं तत्त्व विमा प्रकरणांतून आलं आहे : अपवादाचं कलम पुढे करून जो दावा नाकारतो, त्यानंच तो अपवाद लागू होतो हे सिद्ध करायचं. सर्वोच्च न्यायालयानं हे अनेकदा सांगितलं आहे आणि एक्स्टेंडेड वॉरंटीला ते लावून मागण्यात काहीच गैर नाही. म्हणूनच तक्रारीत ‘उत्पादनातला दोष’ हा शब्दप्रयोग मुख्य मुद्दा करू नका. तो केला की तज्ज्ञाचा अहवाल आणून दोष सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं, आणि साडेचार वर्षं चाललेल्या गाडीत तो दाखवणं कठीण. ‘करारात समाविष्ट असलेला भाग निकामी झाला, दुरुस्त करून द्या’ एवढंच म्हणा. वकील मंडळींनाही मोठे शब्द वापरायचा मोह होतो, तिथे आवरा.

नवीन गाडी मिळणार नाही. मारुती उद्योगच्या 2006 च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की वॉरंटीत बिघडलेला भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं बंधन असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. इंजिन, टोइंगचा खर्च, गाडी बंद असल्यामुळे झालेला प्रवासखर्च, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च, एवढं मागा. त्यापलीकडचा आकडा टाकला तर समोरच्या वकिलाला वाचून दाखवायला चांगला मजकूर मिळेल, बाकी काही नाही.

मागायचं कोणाकडे? इथे बरेच लोक चुकतात. तुमच्या वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत योजना चालवणारी तिसरीच कंपनी आहे. शोरूम म्हणतं ‘कंपनीनं नाकारलं’, तेव्हा नेमक्या कोणत्या कंपनीनं हे तुम्हालाही माहीत नाही. शिवाय उत्पादक आणि डीलर यांचा व्यवहार दोन स्वतंत्र मालकांमधला असेल, तर डीलरच्या कृत्याची जबाबदारी उत्पादकावर आपोआप येत नाही, असं टाटा मोटर्सच्या 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे. म्हणून डीलर, उत्पादक आणि वॉरंटी देणारी कंपनी, तिघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाही वगळलं तर उरलेले दोघं त्याच्याकडेच बोट दाखवतील.

तिघांनाही एकच ई-मेल आज करा : क्लेम कोणत्या कलमाखाली, कोणी, कोणत्या तारखेला नाकारला ते लेखी कळवा, इंजिन माझ्या आणि माझ्या तज्ज्ञाच्या समोरच उघडा, काढलेले भाग, फुटलेला पाइप आणि कूलंटचा नमुना सील करून दोन्ही बाजूंच्या सह्यांनी ठेवा. तज्ज्ञ म्हणून परवानाधारक मोटर सर्व्हेअर चालेल. पाइप नुसता फाटला आहे की फुगून फुटला आहे, पंपाच्या सीलजवळ वाळलेल्या कूलंटचे डाग आहेत का, थर्मोस्टॅट गरम पाण्यात उघडतो का, याचे जवळून फोटो हवेत. त्यांनी एकत्र तपासणी नाकारली, तर आयोगाकडे ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38(8) खाली अंतरिम आदेश मागता येतो, आणि तपासणीसाठी नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या यंत्र अभियांत्रिकी विभागासारखी संस्था सुचवता येते.

नागपुरात राहता, म्हणून उत्पादकाचं मुख्यालय कुठेही असलं तरी तक्रार इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात चालेल. 50 लाखांपर्यंतचे व्यवहार जिल्हा आयोगाकडे येतात आणि 10 ते 20 लाखांच्या व्यवहाराला फी 400 रुपये आहे. ई-जागृती पोर्टलवर घरूनही दाखल करता येते, वकील नेमायची सक्ती नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. कधीकधी तेवढ्यानंही फाइल हलते. मुदत दोन वर्षांची, क्लेम नाकारल्यापासून. वॉरंटी येत्या नोव्हेंबरात संपते म्हणून घाबरू नका, बिघाड आणि क्लेम मुदतीतले आहेत. निकाल कायद्यानुसार तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत यायला हवा. प्रत्यक्षात बराच जास्त वेळ लागतो, ती तयारी ठेवा.

पार्किंगचं म्हणाल तर करार कायद्याच्या कलम 170 नुसार गॅरेजला गाडी अडवून ठेवता येते ती केलेल्या कामाच्या मजुरीसाठी. जागेचं भाडं त्यात बसवायचं असेल तर तुम्ही ते कुठे कबूल केलं हे त्यांनी दाखवावं. जॉब कार्डाच्या मागची बाजू मात्र वाचून घ्या, तिचा फोटो तुम्ही पाठवलेला नाही. गाडीवाचून अगदीच अडत असेल तर पैसे भरा, पण पावतीवर आणि ई-मेलमध्ये ‘हक्क राखून, हरकतीसह’ असं लिहून, आणि जुने भाग ताब्यात घेऊनच. भंगारात गेलेलं इंजिन साक्ष देत नाही. नेहमीच्या मोटर विम्यावर आशा ठेवू नका, यांत्रिक बिघाड त्यात येत नाही. सप्टेंबर 2023 च्या पुरात नागपुरातल्या बऱ्याच गाडीमालकांना आपल्या पॉलिसीत इंजिनाचं वेगळं कव्हर होतं की नव्हतं हे तेव्हाच कळलं होतं.

राहता राहिलं गाढव. बिलं आणि ई-मेल जशाच्या तशा लोकांना दाखवल्या तर सहसा बिघडत नाही, पण बॅनरवर ‘चोर’, ‘फसवे’ असे शब्द आले की बदनामीची नोटीस घरी येईल. शिवाय मिरवणुकीसाठी गाडी वर्कशॉपबाहेर काढली, की मधल्या काळात इंजिनाला कोणी हात लावला हा नवा वाद सुरू होईल. साळ्याला तपासणीच्या दिवशी सोबत न्या. फोटो काढायला आणि पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही करायला माणूस लागतोच.